न नेलेल्या नकला

"आपण मागितलेली कागदपत्रे या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाहीत." एवढं एक वाक्य लिहायला त्या लोकांना अठ्ठावीस दिवस लागले. अठ्ठावीस! तेवढ्यात मी माझ्या लाँड्रीत हजारभर शर्टांना इस्त्री करून मोकळी होते. पत्र हातात धरून माझी जी बडबड सुरू झाली ती दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी थांबेना. गिऱ्हाईक म्हणजे नशिबाने तपासनीस काकाच होते, दोन पांढरे सदरे काखेत मारून आलेले. माझी आई आणि काका नगरपालिकेच्या एकाच खोलीत एकोणीस वर्षं समोरासमोर बसले होते, त्यामुळे माझा आरडाओरडा त्यांना नवा नाही.

"मागितलं काय होतंस तू?" त्यांनी विचारलं.

"आईने केलेल्या नकला."

काका स्टुलावर मटकन बसले आणि इतके हसले की कवळी सांभाळायची वेळ आली. "अगं वेडे, नकला आम्ही लोकांना द्यायला करायचो. मूळ कागद ऑफिसात, नक्कल अर्जदाराच्या घरात. तुझ्या आईनं जन्मभर जे लिहिलं ते लोक पिशवीत घालून घेऊन गेले!"

मी गप्प झाले. मी गप्प बसणं ही आमच्या गल्लीत बातमी असते.

तेव्हा झेरॉक्स नव्हतं. घराचा उतारा हवा, जन्माचा दाखला हवा, कसला जुना ठराव हवा, तर अर्ज करायचा आणि नक्कल विभागात तीन कारकुनांपैकी कुणीतरी तो कागद हाताने उतरवून द्यायचं. त्या तिघांतली एक माझी आई. शाळा सुटली की मी थेट तिकडे जायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. टेबलाजवळ यायचं नाही, शाई सांडेल, अशी सक्त ताकीद होती. खोलीला डिंकाचा, जुन्या कापडाचा आणि उन्हाने तापलेल्या कागदाचा वास यायचा. अजूनही एखादा जुना कोट इस्त्रीखाली आला की तसा वास सुटतो आणि मी उगाच दाराकडे बघते.

चार वाजले की तपासणी सुरू व्हायची. आई नक्कल मोठ्याने वाचायची आणि काका मूळ कागदावर बोट फिरवत ऐकायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, इथे शाईचा डाग, इथे दोन शब्द खोडलेले, सगळं म्हणायचं. मूळ कागदात चूक असली तर चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची. "येथे डाग आहे" हे आई इतक्या गंभीरपणे म्हणायची की मला बाकावर हसू आवरायचं नाही, आणि मग काका चष्म्यावरून डोळे वटारायचे. त्या एका तासात मी किती सुखात होते हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

घरी आली की आई गरम पाण्याच्या पातेल्यात मनगट बुडवून बसायची. घरात तिने कधी पेनाला हात लावला नाही. "आता तू लिही बाई, माझा हात मी ऑफिसात ठेवून आलेय," म्हणायची. वाण्याची यादी ती सांगायची आणि मी लिहायची. मावशीला पत्र ती सांगायची, मी लिहायची. डब्यांवरच्या चिठ्ठ्या, दुधाचा हिशेब, शेजारणीला निरोप, सगळं माझ्या हातचं. प्रगतिपुस्तकावर तेवढी तिची सही असायची, तीही दोन अक्षरांची, आणि ती पुस्तकं शाळेने परत घेतली. ती गेली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. यंदा मी तिच्याहून वयाने मोठी झाले. वाढदिवसाच्या दिवशी काय डोक्यात आलं कोण जाणे, घरातली कपाटं, पेट्या, उशांचे अभ्रेसुद्धा उलटेपालटे केले. तिच्या हातचा एक कागद सापडला नाही. दिवसभर लिहिणाऱ्या बाईची एक ओळ तिच्या पोरीकडे नाही! मी जमिनीवर बसून मोठ्याने रडले, आणि दुसऱ्या दिवशी तो अर्ज केला.

"ऐक," काका म्हणाले. हसून झालं होतं आणि आता त्यांचेही डोळे ओले झाले होते. "काही लोक अर्ज करायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. तसल्या नकलांचा एक गठ्ठा रेकॉर्ड रूममध्ये आहे, 'न नेलेल्या' म्हणून. त्यात तिच्या असणारच. पण लगबग कर. मूळ कागदांचे फोटो काढून झालेत, आता फालतू गठ्ठे महिनाअखेरीला नष्ट करणार आहेत. फलकावर लावलंय."

महिनाअखेर परवावर आली होती.

"तुम्ही चला की माझ्याबरोबर," मी म्हटलं. "ओळखून द्या मला."

"मी? मी तिचं अक्षर कुठं बघायचो? माझी नजर मूळ कागदावर. मी तिचा आवाज ओळखेन, अक्षर नाही. आणि त्या गठ्ठ्यात सह्या शोधू नकोस. सही आणि शिक्का नक्कल हातात देताना मारायचे. न नेलेल्या तशाच कोऱ्या."

"राहू दे," मी म्हटलं. "आईचं अक्षर मला ओळखता येणार नाही होय!"

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि दहाच्या ठोक्याला खिडकीपाशी हजर झाले. खिडकीत माझ्या भाचीच्या वयाची कारकून बाई होती. चेहरा असा की हसण्यासाठी वरून मंजुरी लागत असावी. मी गठ्ठा पाहायला मिळावा म्हणून तिथेच टेकून नवा अर्ज लिहिला. 'कारण' असं जिथे होतं तिथे लिहिलं, आईचे अक्षर पाहायचे आहे.

"काकू, हे कारण चालत नाही."

"का नाही चालत? खरं आहे ते."

"खरं असेल हो. पण यादीत नाही. मालमत्ता, वारस, न्यायालय, शैक्षणिक, यांतलं एक लिहा."

"मग वारस लिहा," मी म्हटलं. "वारस तर आहेच मी."

"मी नाही लिहायचं, तुम्ही लिहायचं."

लिहिलं मी बापडीने. मग तिने मला तासाभराची वेळ दिली, पिशवी आणि पेन बाहेर ठेवायला लावलं आणि आत नेलं.

तो नक्कल विभागच होता. आता रेकॉर्ड रूम म्हणतात आणि भिंतींना लोखंडी मांडण्या आहेत, पण खिडक्या त्याच. बाक नव्हता. बाक जिथे होता तिथे मी क्षणभर उभी राहिले. कारकून बाईने टेबलावर गठ्ठा ठेवला, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि ती कोपऱ्यात आपल्या कॉम्प्युटरशी जाऊन बसली.

मी गाठ सोडली. सत्तेचाळीस नकला होत्या. पहिली उचलली. सुरेख अक्षर, समास आखलेला, ओळी दोरीत बांधल्यासारख्या. हीच! दुसरी उचलली. तीही तशीच सुरेख. तिसरी, चौथी, दहावी. मी त्यांचे तीन ढीग करायला घेतले, तीन कारकून म्हणून तीन ढीग, पण पहिल्या ढिगातली दुसऱ्यात जात होती आणि दुसऱ्यातली परत पहिल्यात. तिघांनाही एकच वळण शिकवलेलं. सरकारी कागदावर आपला स्वभाव दाखवायचा नाही, हाच तर त्यांचा धंदा! गोठ्याची परवानगी, भिंतीची तक्रार, मृत्यूचे दाखले, सगळं एका नजरेने बघत गेले आणि अर्ध्या तासात मला घाम फुटला.

आईचं अक्षर मला ओळखता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं सोडा, मी तिची पोर. तिच्या चपलांचा आवाज ओळखायची, तिचा खोकला तीन घरं पलीकडून ओळखायची. आणि तिने जे आयुष्यभर केलं ते समोर पडलंय, तर मी अशी बघतेय जशी काही परकी बाई. मला स्वतःचा इतका संताप आला! बाकावर बसून हसत काय होतीस गं, एकदा उठून तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं असतंस तर शाई थोडीच सांडणार होती? मी ओळी वाचत होते आणि अक्षरं डोळ्यांसमोर विरघळत होती.

"वेळ संपली, काकू. कुठली हवी?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "सगळ्या द्या."

"सगळ्या कशा देणार? एका अर्जावर एक." ती माझा अर्ज हातात घेऊन आली होती. तो तिने टेबलावर ठेवला आणि नकला मोजून परत लावायला लागली. तिसाव्या की बत्तिसाव्या कागदाशी तिचा हात थांबला. तिने तो कागद बघितला, माझा अर्ज बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज एकदम बदलला.

"हा कागद तुम्ही घरून आणलात?"

"काय?"

"हे तुमचं अक्षर आहे. स्वतः नक्कल लिहायची, गठ्ठ्यात सरकवायची आणि आमच्याकडून शिक्का मारून घ्यायचा, असले प्रकार इथे झालेत, काकू. वर कारण काय, तर वारस! आणि पेन बाहेर ठेवायला सांगितलं होतं ना? ते केसांत काय खोचलंय?"

मी केसांत हात घातला. दुकानातलं पावत्यांचं पेन, दिवसभर तिथेच असतं, मला पत्ताच नाही. पण मला पेनाचं काही पडलं नव्हतं. मी तिच्या हातातून दोन्ही कागद जवळजवळ हिसकावले आणि शेजारी शेजारी ठेवले.

कुणाच्या तरी दारासमोरचा नळ चार हात पलीकडे सरकवायची परवानगी होती ती. आणि माझा अर्ज. बाकीचं वळण सरकारी, पण शब्द पूर्ण झाल्यावर वरची रेघ एका झटक्यात ओढलेली आणि शेवटी जरा जास्तच पुढे गेलेली. 'ह'चं पोट मोठं. 'र' मागच्या अक्षराला टेकून उभा. मी दिवसाला साठ पावत्या लिहिते, पण आपलं अक्षर कोण बघत बसतं? आणि मला आठवलं. यादी लिहिताना माझं काही वाकडं गेलं की ती पातेल्यातला ओला हात बाहेर काढायची, माझ्या हातावर ठेवायची आणि तो शब्द माझ्याकडून पुन्हा लिहून घ्यायची. पाण्याचे थेंब कागदावर पडायचे आणि मी कटकट करायची. एवढी शहाणी मी, मला वाटत होतं तेव्हा मी लिहीत होते!

मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग दोन्ही. कारकून बाई घाबरली आणि हेडक्लार्कना घेऊन आली. ते साठीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरले, नकलेची घडी तपासली, कडेचा पिवळेपणा तपासला.

"कागद जुना आहे," शेवटी ते म्हणाले. "पण आमच्या बाईंनी शंका घेतली, म्हणजे नोंद करावी लागणार. तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागेल. मग त्यावर चौकशी होईल."

"आणि उद्या हे नष्ट करणार होतात ना?"

"आता कसं करणार? चौकशी चालू असेपर्यंत गठ्ठ्याला हात लावता येत नाही. सुनावणीला आम्हाला तो कागद तुमच्यासमोर ठेवावाही लागेल, दर वेळी."

"किती दिवस चालते चौकशी?"

"आमच्याकडे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या आधीच्या साहेबांनी लावलेली एक अजून चालू आहे."

त्या गंभीर माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला. कारकून बाई अजून माझ्याकडे संशयाने बघत होती. बघ गं बाई, मी मनात म्हटलं, हवं तितकं बघ. 'हे तुमचं अक्षर आहे', या जगात आजवर मला कुणी याहून गोड काही म्हटलेलं नाही.

तिने कोरा कागद पुढे सरकवला. मी केसांतलं पेन हातात घेतलं. वर तारीख घातली, डावीकडे समास सोडला, 'विषय : खुलासा' लिहिलं आणि सावकाश, एकेक अक्षर बघत लिहीत गेले.

'सदर कागदावरील अक्षर माझे नसून माझ्या आईचे आहे.'

वाक्य पूर्ण झाल्यावर वरच्या रेघा ओढल्या. मग ते पुन्हा वाचलं, आणि दोघींपैकी कुणी लिहिलंय ते, एकोणीस वर्षं समोर बसलेल्या काकांना काय, मलाही सांगता आलं नसतं.