दुसरी वेलांटी

मोठ्या दुकानाच्या दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासायच्या, हे त्याचं काम. संशयावरच पोट भरत असल्यामुळे घरी आला तरी संशय सुटत नसे. दूधवाला पाणी घालतो, शेजारी कान लावून ऐकतो, असं काहीबाही चालूच. तो हसलेला घरात क्वचितच कुणी पाहिला असेल.

तिसरीतल्या मुलीचं, चिमीचं, श्रुतलेखन मात्र तो हौसेनं घ्यायचा. जेवणाआधी दोघं समोरासमोर बसत. तो शब्द सांगे, ती लिही. विहीर, बहीण, गरीब, फूल. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक निघत नसे. शाळेत तेच शब्द, आणि निम्मे चुकलेले.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आधी संशय आला बायकोवर. त्याच्या पाठीमागे ओट्याशी उभी असते, तिथून खुणा करत असणार. त्यानं तिला बाहेर जायला सांगितलं. ती गॅस बंद करून मुकाट्यानं गेली, आणि त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला. चिमीचे शब्द तरीही सगळे बरोबर. मग त्यानं लेकीची बाही वर सारून हातावर काही लिहिलंय का ते पाहिलं. न सांगताच तिनं दुसराही हात पुढे केला. ते त्याला लागलं, पण मन काही मानेना.

राहता राहिल्या शाळेतल्या बाई. पोरीवर त्यांचा डूख असणार, मुद्दाम घाईघाईनं शब्द सांगत असणार. रजा टाकून तो शाळेत गेला आणि तोंडावर तसं बोललाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चिमीला बाकावर बसवलं आणि त्यालाच शब्द सांगायला लावले. सगळे बरोबर आले. त्यानं बाईंकडे रोखून पाहिलं.

"आता खिडकीकडे तोंड करून सांगा," बाई म्हणाल्या.

यातही काही डाव असेल म्हणून तो कान टवकारून उभा राहिला. मागून येत होता तो फक्त पेन्सिलीचा आवाज, अडखळत अडखळत. वळून पाहतो तर 'विहिर', 'बहिण', 'गरिब', 'फुल'.

चिमी खाली मान घालून म्हणाली, "बाबा, दुसरी वेलांटी आली की तुमच्या भुवया वर जातात. उकाराचंही तसंच. बाईंच्या जात नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"बरोबर आलं की तुम्ही हसायचात."

मग बाईंनी दोघांना युक्ती सांगितली: शेवटचं अक्षर साधं, काना-मात्रा नसलेलं असलं, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार बहुधा दुसरा. बाकीचे शब्द पुन्हापुन्हा लिहूनच हाताला वळण लागतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. माफी मागणं त्याला जमलं नाही, पण जेवणानंतर भांडी त्यानं घासली. दुसऱ्या दिवसापासून चिमी ओट्याशेजारी आईजवळ बसली आणि तो बाहेरच्या खोलीतून शब्द सांगू लागला. पहिल्याच दिवशी चार चुकले. तो आत आला, कागद पाहिला आणि हसला.

चिमीनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हे हसू खरं की खोटं, याचा तिला भरवसा वाटेना. आईकडे एकदा बघून तिनं खोडरबर उचललं.