नऊ फूट आणि एक कडी

मी एक जुना लीडर आहे. हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी साडेदहा वाजता, नदीकडे खिडकी असलेल्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीत, एका लांब मेजावर मला ताणून धरण्यात आले आहे आणि माझे माप घेतले जात आहे. माप घेणारे गृहस्थ वजनेमापे तपासण्याच्या खात्यात चाळीस वर्षे निरीक्षक होते. आता त्यांना दिसत नाही, म्हणून ते वितीने मोजतात. आणि वितीने मोजणारा आंधळा माणूस किती सावकाश मोजतो, हे ज्याला मोजले जात आहे त्यालाच विचारावे!

पहिली वीत झाली. अजून अकरा भरायला हव्यात. तेवढ्यात मी माझी हकिगत सांगून टाकतो, कारण स्वस्थ पडून राहणे मला आज शक्य नाही.

मित्रांनो, लीडर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भाषण करणारा मनुष्य उभा राहील. या घरातही मला थट्टेने ‘पुढारी’च म्हणतात. वास्तविक मी नायलॉनचा एक धागा आहे. काही लोक किड्याऐवजी पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे धरतात. त्यांच्या काठीची दोरी जाड असते. ती सरळ माशीला बांधली, तर पाण्यावर धपकन पडते आणि मासा पळतो. म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये मी असतो. माझे एक टोक सुतळीसारखे जाड, दुसरे केसासारखे बारीक. मी नसलो, तर कितीही कुशल हाताची माशी ही केवळ दगडफेक होय.

मला याच गृहस्थांनी घडवले. जाडीने उतरत जाणारे सात तुकडे, त्यांना सांधणाऱ्या सहा गाठी, आणि एकूण लांबी बरोबर नऊ फूट, म्हणजे त्यांच्या हाताच्या बारा विती. प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी ते ती ओली करीत. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तापते आणि आतल्या आत मरते, असे ते म्हणत. डोळे जाण्याआधीच्या महिन्यात त्यांनी माझ्यासारखे आठ लीडर बांधले. मी आठवा.

चौथी वीत झाली.

आधीचे सात कुठे गेले, हेही सांगितले पाहिजे. निरीक्षकांचा मुलगा टपाल वाटतो. दिवसभर जिने चढणारा हा माणूस नदीवरही दहा मिनिटे एका माशीवर स्थिर राहत नसे. मासा आला नाही, की माशी बदल. आणि दर वेळी गाठ कापली, की लीडरचे बारीक टोक दोन बोटे कमी होते. पाचसहा बदलांत बारीक भाग संपतो, जाड भाग पाण्यात दिसू लागतो, आणि मग लीडर ‘खराब निघतो’. कोणी म्हणेल, वस्तू झिजायचीच. मी म्हणतो, झिजणे निराळे आणि झिजवणे निराळे. त्याने एकाला महिनाभर टोपीला गुंडाळून उन्हात फिरवले. तो कोळिष्टकासारखा तुटला. दुसऱ्यावर वाऱ्याने नकळत एक गाठ पडली होती. बोटांत धरून एकदा ओढला असता, तर ती हाताला लागली असती. तेवढेही त्याने केले नाही, आणि तो त्या गाठीशीच तुटला.

त्याची धाकटी बहीण जवाहिऱ्याच्या दुकानात माळा ओवते. ती एके दिवशी जेवताना म्हणाली, “दादा, बाबांचे सात पुढारी तू दोन हंगामांत पाडलेस. निवडणुकीतसुद्धा इतके पडत नाहीत.”

“दुकानात मिळतात की,” तो म्हणाला.

निरीक्षकांनी चमचा खाली ठेवला. “दुकानातला दुकानदाराने बांधलेला असतो. हा आठवा आणि माझी गळाची काठी घेऊन जा. हंगाम संपला की मला आणून दे. बारा विती भरला तर तो तुझा, आणि माझी काठीही तुझी. नाही भरला, तर दोन्ही इथेच राहतील.”

त्या काठीवर त्याचा किती जीव होता, हे मला ठाऊक आहे. तो जेवता जेवता थांबला आणि मग उठून नळाखाली उगाचच हात धूत राहिला.

सातवी वीत. गृहस्थांचा अंगठा माझ्या चौथ्या गाठीवर रेंगाळतो आहे. पुढे सरका ना!

उपाय बहिणीने काढला. माळेच्या टोकाला ती बारीक कडी लावते, म्हणजे अडकवण्याचा आकडा बदलला तरी माळ उसवावी लागत नाही. तशीच कडी माझ्या टोकाला लावायची, कडीला स्वस्तातल्या रिळाचा हातभर धागा बांधायचा, आणि माशी त्या धाग्याला. कापायचे ते धाग्याला. मला कात्री लागण्याचे कारणच नाही!

“पण कडी बांधायला याची दोन बोटं जाणारच ना?” टपालवाल्याने विचारले. “म्हणजे वाचवण्यासाठी आधी कापायचं?”

“गाठीला तिचा घास द्यावाच लागतो, दादा. एकदा दे आणि मोकळा हो.”

घास दिला. दोन आठवडे सुरेख गेले. मग एका सकाळी पुलाखालच्या डोहात ठिपक्यांचा एक थोर मासा माशीला लागला, काठी वाकली, आणि क्षणात मी हलका झालो. मासा, माशी, धागा, सगळे गेले. बहिणीने माळेची कडी दिली होती, आणि माळेच्या कडीचा सांधा नुसता दाबून मिटवलेला असतो. ओढ बसताच तो उघडला, आणि त्याच्या धारेने माझे टोकही खरवडून काढले. आणखी दोन बोटे कापावी लागली.

“बाईसाहेब, ही कसली कडी दिलीत?” त्याने घरी येऊन विचारले.

“माझ्या धंद्यात कडीला मासे लागत नाहीत,” ती ओशाळून म्हणाली. “माळ घातलेली बाई अशी हिसडे मारत नाही रे!”

दुसऱ्या दिवशी तिने सोनाराकडून सांध्यावर डाख दिलेली, अखंड कडी आणली. तेव्हापासून आजपर्यंत मी एका बोटानेही कमी झालो नाही. टपालवाला बदलला असे मात्र समजू नका. तो अजून तितक्याच वेळा माशी बदलतो. फक्त रोज घरी आल्यावर मला बोटांतून ओढून गाठ तपासतो, ओल्या फडक्याने पुसतो, तळहाताच्या उबेने वळ्या काढतो आणि खणाच्या अंधारात सैल वेटोळे करून ठेवतो. एवढ्याने एक लीडर सबंध हंगाम पुरला. मित्रांनो, तुमच्या हातातली वस्तूही अशीच रोज एकदा बोटांनी चाचपा. ती कुठे दुखावली आहे, हे ती स्वतः सांगू शकत नाही.

अकरावी वीत. आता पुढे वीत भरणार नाही, हे मला आणि मेजाशी बसलेल्या दोघा भावंडांना ठाऊक आहे. बारा बोटांची एक वीत, म्हणून निरीक्षक आता बोटे मोजू लागतात आणि आठव्या बोटाला थांबतात.

“अकरा विती, आठ बोटं,” ते म्हणतात.

टपालवाला उठून उभा राहतो. “चार कमी आहेत, बाबा. काठी मी कोपऱ्यात ठेवली आहे.”

“बस. चार बोटं कुठे गेली?”

“माझ्यामुळे गेली,” बहीण म्हणते. “दोन पहिल्या कडीला. ती कडी उघडली, म्हणून आणखी दोन.”

“तुला विचारलं नाही मी. काय रे, माशा बदलताना किती गेला हा?”

“काहीच नाही.”

“बदलल्यास किती वेळा?”

“मोजलं नाही. शंभरावर असेल.”

निरीक्षकांना कडी सापडते. त्यांचे नख तिच्या भोवती फिरून सांधा शोधते. तो त्यांना लागत नाही. मग ते मला दोन्ही हातांत धरून अचानक जोराने हिसका देतात. माझ्या सहाही गाठी कण्हतात, पण एकही सरकत नाही.

“खात्यात असताना मी एक गोष्ट कुणाला विसरू दिली नाही,” ते म्हणतात. “प्रत्येक मापाला थोडी सूट ठरलेली असते. वापरात जे जाणारच, त्याची. निष्काळजीपणाची नव्हे.”

“मग ही चार बोटं कशात धरायची?” टपालवाला विचारतो.

निरीक्षक माझे वेटोळे करतात, सैल, जसे करावे तसे, आणि मेजावरून त्याच्याकडे सरकवतात.

“मापात आहे.”