तुलनेची शाळा

घराच्या ओट्यावर बसलेल्या स्वरूपाने विडीला दोरा गुंडाळला, दातांनी तोडला आणि विडी सुपात टाकली. समोर बसलेली सहा-सात पोरं मोठ्याने वाचत होती. एक अडखळलं, तशी तिने मान वर न करता शब्द सांगितला.

"हेच थांबवायचंय," हैमवती हेडमास्तर मल्लेशमना हळूच म्हणाली.

हैमवती हैद्राबादच्या ज्या फाउंडेशनमध्ये नोकरीला होती, तिथे एक प्रस्ताव अडून होता. राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत वाचनासाठी वेगळी शिक्षिका नेमावी, हे धोरण सरकारच्या गळी उतरवायचं होतं. पैसा सोडण्याआधी विश्वस्तांना पुरावा हवा होता. म्हणून दहा शाळांना शिक्षिका दिल्या, आणि तुलनेसाठी निवडलेल्या दहा शाळांना काहीच दिलं नाही. काहीच न देण्याचं काम फाउंडेशनने अगदी चोख केलं होतं. या गावाची शाळा तुलनेची. आणि इथली पोरं वाचायला लागली होती.

"आमचे चेअरमनसाहेब म्हणतात, तुलनेच्या शाळाच वाचू लागल्या तर फरक दाखवायचा कसा? प्रस्ताव बारगळेल, सर. हजारो शाळांचं नुकसान."

"नोकरी संपत आली माझी," मल्लेशम म्हणाले, "आणि आत्ता कुठे माझी शाळा कुणाला तरी नडली!"

हैमवतीला हसू आलं नाही. ती ओट्यावर टेकली आणि तिने स्वरूपाला सगळं समजावून सांगितलं. स्वरूपाचे हात चालूच होते.

"अक्का, धोरण झालं तर आमच्या शाळेलाही बाई मिळेल?"

"सगळ्या शाळांना मिळेल."

"पगारी?"

"पगारी."

"मला घेतील?"

"तू किती शिकलीस?"

"सातवी."

हैमवतीने सुपातली एक विडी उचलली, बोटांत फिरवली आणि जागेवर ठेवली. "बारावीची अट आहे गं."

स्वरूपाने टेंभुर्णीचं पुढचं पान कात्रीने कापलं. "बरंय की. शिकलेली येईल." मग पोरांकडे वळून म्हणाली, "उठा रे. उद्यापासून यायचं नाही."

गाडीपर्यंत सोडायला मल्लेशम आले.

"थांबवलं, मॅडम. पण पोरांना जेवढं आलंय, ते परत कसं काढून घ्यायचं? तेही सांगून जा."

हैमवतीने रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली, आणि ती गाडीत बसली.

फेब्रुवारीत चाचणी घ्यायला ती स्वतः आली. पहिली मुलगी लावण्या, तिसरीतली. हैमवतीने तिच्यापुढे कागद ठेवला. सरपंचाची टोपी बकरी खाते, अशी छोटी गोष्ट होती.

"वाच बरं, बंगारू," ती लाडाने म्हणाली.

लावण्याचे डोळे ओळीवरून ओळीवर सरकत गेले. बकरी टोपीपाशी पोचली, तशी ती फिसकन हसली. लगेच तोंडावर हात ठेवून तिने दाराकडे पाहिलं. दारात मल्लेशम उभे होते. ते छताचे वासे न्याहाळत होते.

"येत नाही, मॅडम," लावण्या म्हणाली.

हैमवतीची पेन्सिल थोडा वेळ हवेतच राहिली. मग तिने 'येत नाही'च्या चौकटीत खूण केली.

पुढचं मूल आत यायच्या आधी तिने बकरीचा कागद पिशवीत सारला आणि पाणी वाचवण्याचे फायदे सांगणारा बाहेर काढला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.