पाठीतली नळी

कंडक्टरबाई आणि त्यांची धाकटी जाऊ अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कुकरवरून झालं होतं. घर एक, ओटा एक, पण निरोप भिंतीला सांगायचे. बाईंच्या गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पसरला तेव्हाही त्या भिंतीलाच म्हणाल्या, "ज्यांना आनंद व्हायचाय त्यांना कळव."

मग आठवड्याभरात पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या, लघवी जवळपास थांबली. मुलं परगावी, म्हणून धाकटीनंच त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "गाठीनं मूत्रनलिका दाबल्यात. लघवी मूत्रपिंडातच तुंबलीय. खालून नळी घालून पाहिली, सरकली नाही. आता पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून लघवी बाहेर पिशवीत काढावी लागेल."

"त्यानं कॅन्सर जाईल?"

"नाही. काही महिने मिळतील कदाचित. नको म्हणालात, तर झोप वाढत जाईल. त्रास होऊ देणार नाही आम्ही. तुम्ही ठरवा."

"घाला. पण एकच. दोन-दोन पिशव्या घेऊन मी काय बाजाराला निघालेय?"

"चांगल्या बाजूची एक पुरेल. रोज पाठीवरची पट्टी कोण बदलेल?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. शेवटी धाकटी म्हणाली, "मी."

बाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून तोंड उघडलं. "इतकी वर्षं पाठीमागे बोललीस, आता पाठीमागे बसून काम कर."

पंधरवड्यात मूत्रपिंडं सावरली, रक्तातलं क्रिएटिनिन नवावरून दोनवर आलं आणि केमो देता येऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात उशी सरकवताना धाकटीच्या हातून नळीच ओढली गेली. ती रडायला लागली.

"अगं, नळी माझी निघालीय. तू कशाला गळतेस?" बाई म्हणाल्या. दोघी तशाच दवाखान्यात गेल्या, त्याच छिद्रातून नवी नळी बसली.

एकदा बाई हट्टानं बसनं आपल्या जुन्या डेपोत गेल्या. पदराआडून पिशवीचं टोक दिसत होतं. नवा कंडक्टर म्हणाला, "आजी, सामान वर ठेवा."

"ठेवते. पण खाली तू उभा राहा."

धाकटीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं, तरी तिचे खांदे हलत होते.

पाचव्या महिन्यात केमोचा उपयोग संपला. नळी सारखी तुंबायला लागली, थंडी वाजून ताप यायचा. मुलं फोनवरून म्हणाली, दुसऱ्या बाजूलाही नळी घाला. "तुमच्या पाठी मोकळ्याच आहेत," बाईंनी सुनावलं. मग डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आता नवी नळी नको, घरी जाते. त्यांनी दुखण्यावरची, मळमळीवरची औषधं दिली. धाकटी एवढंच म्हणाली, "बरं, ताई."

बाई पाच दिवस झोपेतच होत्या. मधे एकदा डोळे उघडून त्यांनी विचारलं, "वरणाला मीठ घातलंस का?"

"घातलं."

"खोटं बोलतेस," म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

सहाव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मुलांना फोन करायच्या आधी धाकटी तासभर त्यांच्या उशाशी बसून बोलत राहिली. कुकरबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही. त्यात चूक बाईंचीच होती, असं तिला अजूनही वाटत होतं.