तीन आट्यांचा पेच

कामरगावच्या रुईच्या प्रेसमध्ये चंपत मिस्त्रीकडे एकच काम होतं: गठाणी दाबायचं यंत्र चालतं ठेवणं. मांडीएवढा जाड लोखंडी पेच आणि त्याच्या डोक्यावर चार लांब दांडे. आठ गडी दांडे ढकलत गोल फिरायचे, पेच खाली उतरायचा आणि पेटीतली रुई दबत जायची. अठरा वर्षं चंपतनं तो पेच जपला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, ऐन हंगामात, तो मधोमध तडकला.

नवा मिळणं शक्यच नव्हतं. सगळं लोखंड लढाईकडे चाललं होतं. मालक मारोतरावांनी अकोल्याच्या भंगारातून एक जुना पेच गाडीत घालून आणला. चंपतनं त्याच्या आट्यांवरून बोट फिरवत ते मोजले.

"हा नाही चालत, मालक. आपला एका आट्याचा होता, याले तीन हायेत. एका फेऱ्यात तिप्पट उतरते."

"मंग चांगलंच हाय की! गठाणी लवकर होतीन."

"उतरते तसाच चढते बी. जुना जिथं सोडला तिथं थांबे. याचा हात सोडला का दबलेली रुई याले उलटा फिरवन. दांडे भिंगरीवानी सुटतीन."

"हात सोडाचाच कायले?"

"गठाण बांधाले हात लागतात, मालक."

मारोतराव वैतागले. "तुयानं होत नसन तं सांग. कारंज्याचा मिस्त्री उद्या येते."

तो येईल, हे चंपतला ठाऊक होतं. साधा खटकाही न लावता पेच बसवून निघून जाईल, हेही ठाऊक होतं. म्हणून चंपतनंच तो बसवला. पेच उलटा फिरू नये म्हणून वर दातेरी चक्र लावलं, त्याला अडकणारा खटका घडवला. खटक्याला पोलाद हवं होतं. मिळाली ती बैलगाडीच्या चाकावरची जुनी पट्टी, म्हणजे धाव, मऊ लोखंडाची.

"खटक्यावर भरोसा ठेवू नका," त्यानं गड्यांना बजावलं. "गठाण बांधून होयेपर्यंत चौघानं दांडे धरूनच राहा."

चार दिवस त्यांनी धरले. मग मारोतरावांनी त्या चौघांना गठाणी वाहायला लावलं. नुसती उभी माणसं त्यांना बघवत नव्हती. नवव्या दिवशी सकाळी चंपतला खटक्याचं टोक झिजलेलं दिसलं. तो मालकाकडे धावला.

"दुपारच्या सुटीत पाहू," मारोतराव म्हणाले.

दुपार व्हायच्या आधीच खटका तुटला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा गडी लखीराम वाकून गठाणीला दोर आवळत होता. दोर ओढून तो सरळ झाला, तेवढ्यात सुटलेला दांडा त्याच्या छातीवर बसला. चंपतनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. लखीराम काहीतरी बोलू पाहत होता, पण श्वासच पुरत नव्हता. कारंज्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच तो गेला.

"गड्याची चूक. दांड्याच्या वाटेत उभा राह्यला," मारोतरावांनी पोलीस पाटलाला सांगितलं.

चंपत पुढे झाला. "पेचच चुकीचा हाय, पाटील. मी आधीच सांगतलं होतं."

"बसवला कोनं?"

"मी."

पाटलानं पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी चंपत तांड्यावर गेला. लखीरामची बायको धनीबाई दारात बसली होती. रडून झालं होतं.

"तुले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"त्याले सांगतलं होतं?"

"सगळ्याईले सांगतलं होतं."

"मंग?"

धनीबाईनं तोंड फिरवलं, तेव्हा चंपत निघाला.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, नवा खटका करून दे म्हणून. चंपतनं नाही म्हणून कळवलं. चौथ्या दिवशी कारंज्याचा मिस्त्री आला. चंपतनं त्याला वेशीवरच गाठलं आणि पेचाची सगळी खोड समजावून सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, अवजारांची पिशवी खांद्यावर टाकली आणि तो प्रेसमध्ये गेला. ऊन कलायच्या आत दांडे पुन्हा फिरायला लागले होते.