तांबूच्या वंशातली

डेअरीनं दूध घेणं का थांबवलं, ते सांगायला डेअरीच्या जनावरांच्या डॉक्टर इफ्फत स्वतः पुनावळ्याला आल्या. दोन टॉवरच्या कुंपणांमध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत कुसुमताईंचा गोठा होता. गायी पाच, आणि पाचही गायींच्या रक्तात विषाणू निघाला होता.

"खात्यात, पित्यात, दूध देत्यात," कुसुमताई म्हणाल्या. "रोग कुठाय?"

"हा रोग असाच असतो, ताई. वर्षानुवर्षं रक्तात दडून राहतो. एखादीला गाठी येतात, ती जाते. बाकीच्या नुसत्या दुसरीला देत राहतात. इंजेक्शनची सुई सगळ्यांना एकच वापरता ना?"

कुसुमताईंनी दावणीकडं पाहिलं. एकच वापरत होत्या, दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गेल्या महिन्यात मेलेल्या कपिलीच्या मानेवरच्या गाठी त्यांना आठवल्या. भाऊ मारुतराव फोनवर हेच बोलला होता, "तुझ्याच गोठ्यातली घाण, कुसे. आमाला काय म्हनू नगं."

"सुईनं पसरवला, हे खरं," इफ्फत म्हणाल्या, "पण सुईला तो मिळाला कुठून?" त्या चंद्री नावाच्या गाईपाशी थांबल्या. "हिच्यात सगळ्यांत जास्त आहे. काही गायींच्या जनुकात पक्की खूण असते. विषाणू शिरला तरी रक्तात वाढत नाही. हिची खूण कच्ची आहे. हिच्या रक्तात तो बेसुमार वाढलाय."

"कच्ची? न्हाई वो डॉक्टरबाई. दादानं तपासून दिलीय. कागद हाय माझ्याकडं."

फोनमध्ये तो कागद होता. इफ्फतनी त्यावरचा नंबर चंद्रीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याशी दोनदा ताडून पाहिला. नंबर तोच होता. कागदावर मात्र खूण पक्की लिहिली होती.

"मागनं बदलली आसंल."

"विषाणू मागाहून शिरतो. खूण बदलत नाही. गाय जी घेऊन जन्मते, तीच घेऊन मरते." इफ्फतनी बिल्ला उलटा केला. मागची पिन एकदा कापून पुन्हा चिकटवलेली होती. "ताई, हा कागद या गाईचा नाही. दोन गायींचे बिल्ले आपसांत बदललेत."

चाकणजवळची माहेरची जमीन गोदामाला गेली, त्याला तीन दिवाळ्या झाल्या होत्या. कुसुमताईंनी हक्क सोडल्याची सही दिली आणि त्याच भाऊबीजेला मारुतरावानं ओवाळणी म्हणून गाईचं दावं हातात दिलं. "तुझ्या तांबूच्या वंशातली हाय. तिची नात." तांबू ही कुसुमताईंनी बोटानं दूध पाजून जगवलेली कालवड. त्यांच्या लग्नाच्या दिवशी दावं तोडून ती जीपच्या मागं हायवेपर्यंत पळाली होती. तिच्या कपाळावर पांढरा चांद होता. चंद्रीच्या कपाळावर नव्हता. "पिढी बदलली का चांद मिटतो," मारुतराव म्हणाला होता. कुसुमताईंनी ते मानलं आणि माहेरची गाय आली म्हणून आळीभर साखर वाटली.

"तक्रार लिहून द्या," इफ्फत म्हणाल्या. "त्याशिवाय मला त्यांच्या गोठ्यात पुन्हा रक्त काढता येत नाही. रक्त निघालं की अदलाबदल उघडी पडेल. डेअरी तुमचं नुकसान त्यांना भरायला लावेल."

"अन् न्हाई दिली तर?"

"तर कागद म्हणतो तेच खरं. कागदावर कच्च्या खुणेची, विषाणूवाली गाय त्यांच्याकडे आहे. आजवर अशी गाय वेगळी बांधली की भागत होतं. आता गोठ्यातून काढायचीच, असा डेअरीचा नियम झालाय. सोमवारी गाडी जाईल आणि तिला पांजरपोळात सोडेल."

"म्हंजी तांबूच्या खऱ्या नातीला."

"हो. आणि ती ठणठणीत आहे."

कुसुमताईंनी पांजरपोळ पाहिला होता. भाकड, लंगड्या, आंधळ्या गुरांच्या त्या गर्दीत दुभत्या गाईची धार काढायला कुणाला सवड? कास तटतटते, दगडासारखी होते, मग पिकते.

"तक्रार लिहून घेऊ?" इफ्फतनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

सोमवारी सकाळीच मारुतराव पिकअप घेऊन हजर झाला. चहा मागून घेतला, बशीत ओतून प्यायला.

"तुझी गाय आजारी पडली म्हनं. मी घिऊन जातो परत. भाऊ कशाला असतो मग?"

"लई उपकार, दादा."

तो का आलाय, ते त्यांना कळत होतं. बिल्ले पुन्हा जागच्या जागी लावले की आजारी चंद्री गाडीत चढणार होती आणि तांबूची नात त्याच्या दावणीला राहणार होती. कुसुमताईंनी चंद्रीचं डोकं कानासकट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गुंडाळून बांधलं.

"ह्ये काय?"

"कंटेनरच्या हॉर्नला बुजती. चल, मी बी येते. माहेर बघून लई दिस झालं."

मारुतरावाला घाई होती. त्यानं चंद्रीला गाडीत चढवलं.

माहेरचा गोठा आता गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीला टेकला होता. सगळ्यांपासून दूर, एकट्या खुंट्याला एक काळीपांढरी गाय बांधलेली होती. कपाळावर चांद होता. कुसुमताईंनी हात पुढं केला. गाईनं तो हुंगला, मग खरखरीत जिभेनं मनगटापर्यंत चाटला. त्यांनी तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली तशी तिनं मान लांब केली. तांबू अशीच करायची.

मागं मारुतरावानं घाईघाईनं पट्टी सोडली आणि खिशातून पक्कड काढली. चंद्रीच्या कानात नुसतं भोक होतं.

"बिल्ला कुठाय?"

"पडला."

"पडलेला न्हाई ह्यो. कापलाय."

"तुला बरं कळतंय, दादा, कापलेलं कसं दिसतं ते."

मारुतरावाचा चेहरा उतरला. "कुसे, कुठं टाकलास? आगं, वीस लिटरची गाय हाय ती! दावणीत तिच्यासारखी दुसरी न्हाई!"

"ठावं हाय मला. तांबूची नात हाय ती."

"पाया पडतो तुझ्या."

"पड की. बिल्ला गोबरगॅसच्या टाकीत हाय."

तेवढ्यात डेअरीची गाडी फाटकात आली; चांदवालीचा बिल्ला उतरवून चंद्रीला लावायलाही मारुतरावाला वेळ उरला नाही. प्रज्वल नावाचा सुपरवायझर उतरला, हातातल्या यादीवरून त्यानं चांदवाल्या गाईचा बिल्ला वाचला आणि मान वर केली. "एवढी देखणी गाय? मारुतराव, शंका असेल तर बोला. रक्त आत्ता काढून पुन्हा तपासता येईल."

"नगं!" मारुतराव ओरडलाच. रक्त निघालं तर खूण निघणार होती, खूण निघाली की फसवणूक, आणि मग अख्ख्या गोठ्याचं दूध बंद. त्यानं घसा साफ केला. "नगं. तपासून झालंय मागंच."

"मग गाय हीच ना?"

मारुतरावानं बहिणीकडं पाहिलं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. तिचं नुकसान भरून निघालं असतं. गायही वाचली असती.

"हीच," कुसुमताई म्हणाल्या. "माहेरची गाय मी वळखत न्हाई व्हय?"

गाय फळीवर चढेना. दोघांनी पुढून ओढली, तिसऱ्यानं शेपटी पिरगाळली. सकाळची धार राहिली होती. चढताना सडांतून दुधाची चिळकांडी फळीवर उडाली. कुसुमताईंनी मनगट पदराला पुसलं.

गाडी हलल्यावर त्यांनी चंद्रीला रिकाम्या खुंट्याकडं नेलं नाही. सरळ दावणीकडं नेलं आणि मारुतरावाच्या दोन गाभण कालवडींच्या मधे बांधलं.

"तुझी ओवाळणी परत केली, दादा," त्या म्हणाल्या. "सुई तेवढी बदलत जा."

हंबरणं हायवेपर्यंत ऐकू येत राहिलं. ते थांबेपर्यंत कुसुमताई फाटकात उभ्या होत्या. मग पुनावळ्याची गाडी मिळते का, ते बघायला चालू लागल्या.