वनाची राहिलेली नोंद

सुज्ञ वाचकहो, जळगावच्या एका डाळमिलमध्ये मृत मनुष्याचे नाव पडद्यावर कसे प्रकट झाले, शहाणीसुरती माणसे त्यापुढे कशी नतमस्तक झाली आणि अखेरीस एका रजिस्टराने त्या भुताची नोंद कशी खोडली, हे प्रस्तुत कथेत यथाशक्ती निवेदन केले जाईल.

सकाळी आठ वाजता प्रेमराज शेठच्या मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या यंत्रापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, झाडणीच्या बाया, गेटबाहेरचे रिक्षावाले, सगळे चपला काढून उभे होते. यंत्र सुरू झाले आणि महिनाभर रोज उमटत होती तशीच पडद्यावर अक्षरे उमटली : 'ऑपरेटर : वना'. वनाला जाऊन तीन महिने लोटले होते.

"वना उना," म्हणजे वना आला, असे कोणी पुटपुटले आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

हात जोडले नाहीत ते फक्त वनाच्या विधवेने, सुनिताने. नवऱ्याच्या जागी याच यंत्रावर तिला काम मिळाले होते. पडद्यावर तिचे नाव यायला हवे होते.

भूत उतरवायला शेठनी बोलावलेल्या भूपेंद्र महाराजांनी धूप फिरवला. "आत्मा रुष्ट आहे. पत्नीने पतीचे आसन बळकावले. अग्नितत्त्व, वायुतत्त्व आणि संगणकतत्त्व, तिन्ही कोपली आहेत." पंधरा मिनिटे असे बरळून झाल्यावर पडद्यावरचे नाव बदलून 'सुनिता' झाले. महाराजांनी घाम पुसला. "आजचा गेला. उद्या पुन्हा येईल. हिला उठवा. माझा भाचा सात्त्विक आहे, तो बसेल."

शेठ खाली पाहून म्हणाले, "सुनिता, परवापासून तू झाडणीवर जा."

"शेठ, ज्या माणसानं माले हाई मशीन शिकाडं, तो माले कसाले उठाडी?"

"मेल्यावर मन बदलतं, बाई," महाराज म्हणाले.

"तुमले कसं माहीत? तुम्ही मरी उनात का?"

सुनिताने लगेच धुळ्याला फोन लावला. तिच्या माहेरच्या गल्लीतील सुलक्षणा मॅडम तेथील कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत. त्या दुपारच्या बसने आल्या, लॅपटॉप जोडून सायंकाळपर्यंत बसल्या आणि म्हणाल्या, "शेठ, चूक रजिस्टरात आहे."

शेठनी तातडीने हजेरीचे रजिस्टर आणवले. वनाच्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती. "नाव तर खोडलंय, मॅडम."

"हे नव्हे. प्रोसेसरच्या आतलं. कोणती माहिती मेमरीत कुठे ठेवली, याचे पत्ते प्रोसेसर एका छोट्या टिपणात ठेवतो. यंत्र सुरू होताना आधी जुनी यादी वाचतं, तीत वना आहे. मग नवी यादी दुसऱ्या जागी ठेवतं, तीत सुनिता. पण टिपणात पत्ता जुनाच राहतो. तो रद्द करायला आत एक रजिस्टर असतं. त्यात पत्ता लिहिला की जुनी नोंद खोडली जाते. गेल्या महिन्यात प्रोग्राम बदलणारा ती एक ओळ लिहायला विसरला. तुमची तांबडी रेघ राहून गेली, एवढंच."

"मग तो धुपानं जातो कसा?"

"टिपण लहान आहे, शेठ. थोडा वेळ काम झालं की नव्या नोंदी जुनीला ढकलून देतात. धूप लावा नाहीतर विडी ओढा."

दुसऱ्या दिवशी तीच गर्दी जमली. मॅडमनी जुन्या यादीत वनाच्या ठिकाणी दुसरे नाव घातले आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर उमटले : 'ऑपरेटर : भूपेंद्र'.

मग सुनिताने अत्यंत आदराने विचारले, "महाराज, तुम्ही कवय मरनात? कोनत्या दिवशी?"

हमाल पोती धरून हसू लागले. महाराज अडखळले. "हे... हे सगळं तांत्रिक आहे."

"मी कालपासून तेच सांगते आहे," मॅडम म्हणाल्या.

महाराज धूपदाणी तिथेच टाकून भाच्यासह चालते झाले. मॅडमनी विसरलेली ओळ लिहिली, जुनी यादी होती तशी केली आणि यंत्र पुन्हा लावले. पहिल्याच क्षणी पडद्यावर 'सुनिता' आले. शेठनी स्वतः तिची खुर्ची पुढे सरकवली.

"जुन्या यादीतून वनाचं नाव काढू का?" मॅडमनी हळूच विचारले.

"राहू द्या," सुनिता म्हणाली. "तठे तो कोणाले नडत नही."

वाचकहो, यंत्रात चूक दिसली तर ती शोधावी. मेलेल्याच्या नावाने जिवंत बाईची भाकर हिसकावणारा भेटला, तर त्याला भर गर्दीत विचारावे की तुला हे कोणी सांगितले. आपण वेळ काढून वाचलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

योगेंद्र झुलाल बाविस्कर, जळगाव